ही चित्रफीत कोठली?

नगर, पारनेर आणि राहुरी या तालुक्यांच्या माळरानावर लष्कराचे एक विस्तीर्ण सरावक्षेत्र आहे. लोक त्याला ‘के. के. रेंज’ म्हणून ओळखतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे रणगाडा दलाच्या प्रशिक्षणाचे केंद्र असल्यामुळे तेथे तोफांचा सराव चालतो. असा सराव दुरून पाहिला तर काय दिसते? आधी झळक दिसते, धुराचा लोट उठतो आणि मग काही वेळाने धडाका कानी येतो. याचे कारण तुम्ही शाळेत शिकला आहातच. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. प्रकाश जातो तीन लाख किलोमीटर. म्हणजे झळक आणि आवाज यांच्यात तीन सेकंदांचे अंतर पडले, तर तोफ सुमारे एक किलोमीटरवर आहे असे समजावे.

आता मोबाईलवर आलेली युद्धाची एखादी चित्रफीत घ्या. स्फोट दोन-तीन किलोमीटर दूर दिसतो आहे, पण झळक आणि आवाज मात्र एकाच क्षणी! मग आवाज मागाहून चिकटवला असण्याचा संभव आहे. ही कसोटी मजेदार आहे, पण पुरेशी नाही. चांगल्या संगणक-खेळांत हा विलंबही साधलेला असतो. शिवाय चित्रफीत खरी असून तिला गाव आणि तारीख खोटी जोडली असेल, तर आवाजाची कसोटी काहीच सांगू शकत नाही.

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस लष्करी संघर्ष झाला, तेव्हा नेमके हेच घडले. गुजरातमधील हजिरा बंदरावर हल्ला झाल्याची एक चित्रफीत फिरली. भारत सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तपासून सांगितले, की ती ७ जुलै २०२१ च्या एका तेलाच्या टँकरच्या स्फोटाची आहे. पाकिस्तानी क्षेपणास्त्राने भारतात केलेला विध्वंस म्हणून जे दृश्य दाखवले जात होते, ते होते लेबनॉनमधील बैरूतच्या २०२० सालच्या स्फोटाचे. हे झाले ‘त्यांच्या’ बाजूचे. आपल्याकडेही कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची चित्रफीत तितक्याच उत्साहाने पाठवली गेली. ती अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ३१ जानेवारी २०२५ रोजी कोसळलेल्या विमानाची होती. आग खरी, धूर खरा. फक्त कराची नव्हती!

संगणक-खेळांतील दृश्यांचीही हीच तऱ्हा. ‘आर्मा ३’ या युद्धखेळातील तुकडे खऱ्या लढाईचे म्हणून इतक्या वेळा फिरले, की तो बनवणाऱ्या चेक कंपनीनेच नोव्हेंबर २०२२ मध्ये ते ओळखण्याच्या खुणा जाहीर केल्या. चित्र फार अस्पष्ट आणि सारखे हलणारे, बहुधा रात्रीचे, आवाज नाही, हलती माणसे जवळजवळ नाहीत, धूर आणि धूळ अनैसर्गिक. यांतली पहिली खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. चित्र वाईट असले की आपण ‘घाईत टिपले असेल’ असे म्हणतो आणि उलट जास्तच विश्वास ठेवतो. नगरच्या रणगाडा संग्रहालयात विजयंता आणि युद्धात हाती लागलेला पॅटन उभे आहेत. सहलीला गेलात तर नुसते फोटो काढू नका. चाकांची संख्या, तोफेची नळी, पट्ट्याची रुंदी नीट पाहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी भलत्याच रणगाड्याचे चित्र पाठवले तर तुमचे डोळे फसणार नाहीत.

परंतु डोळ्यांची फसवणूक हा निम्माच भाग झाला. उरलेले काम शब्द करतात. समजा, चित्रफितीखाली असा मजकूर आहे: “आत्ताच आलेली बातमी. टीव्हीवाले हे दाखवणार नाहीत. खरे देशभक्त असाल तर दहा गटांत पाठवा. उद्या हे पुसले जाईल.” एकेक वाक्य तपासा. ‘आत्ताच’ म्हणजे केव्हा? हा शब्द महिन्याने वाचला तरी ताजाच राहतो. ‘टीव्हीवाले दाखवणार नाहीत’ हे वाक्य तर फारच चतुर आहे, कारण पुरावा नसणे हाच येथे पुरावा ठरतो. ‘खरे देशभक्त असाल तर’ या शब्दांनी प्रश्नच बदलला. बातमी खरी की खोटी हे बाजूला राहिले आणि तुम्ही आमचे की परके, अशी तुमचीच परीक्षा सुरू झाली. आणि ‘उद्या पुसले जाईल’ हे कापडदुकानातल्या ‘सेलचा आज शेवटचा दिवस’ या पाटीचे भावंड आहे. विचार करायला वेळ मिळू नये, एवढाच त्याचा हेतू.

हे तंत्र मोबाईलने जन्माला घातलेले नाही. एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रांनी छापले, की जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांच्या प्रेतांपासून कारखान्यात चरबी काढतात. सारा घोळ ‘काडावर’ या जर्मन शब्दाभोवती होता. जर्मन भाषेत तो जनावरांच्या मढ्यासाठी वापरतात. इंग्रजांच्या कानाला मात्र तो माणसाच्या प्रेतासारखा ऐकू आला. ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत जर्मनीचा इन्कार मान्य केला तो डिसेंबर १९२५ मध्ये, म्हणजे युद्ध संपून सात वर्षांनी! ही बातमी छापली गेली त्या काळात नगरच्या छावणीत जर्मन नागरिक स्थानबद्ध होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मग शहाणीसुरती माणसेही अशा गोष्टी का मानतात? १९४७ मध्ये ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटे सूत्र मांडले. अफवेचा जोर म्हणजे विषयाचे महत्त्व गुणिले माहितीची संदिग्धता. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे, हे ध्यानात घ्या. दोहोंपैकी एक शून्य झाले की उत्तर शून्य! युद्धात महत्त्व कमी करणे आपल्या हाती नसते. संदिग्धता कमी करणे मात्र थोडेफार असते.

या सूत्रात भीतीचा उल्लेख नाही. ती उणीव एका भारतीयाच्या अभ्यासाने भरून निघते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी तेथे पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. गंमत अशी, की जेथे धक्का बसला पण पडझड दिसली नाही, तेथेही ‘याहून मोठे संकट येणार’ अशा भयंकर अफवा उठल्या होत्या. असे का? पुढे लिऑन फेस्टिंजर यांनी याचा उलगडा केला. मन घाबरलेले होते, पण घाबरण्याजोगे समोर काही दिसत नव्हते. भीतीला कारण हवे होते, ते अफवेने पुरवले. म्हणजे अफवा भीती निर्माण करते, तशीच आधीच असलेली भीतीही अफवेला बोलावून आणते.

हा प्रयोग वर्गात करून पाहा. एक संदेश फळ्यावर लिहा आणि तीन रकाने पाडा: काय दिसते, काय सांगितले आहे, काय करायला लावले आहे. बहुतेक वेळा पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यांत फारसा संबंधच नसतो. चित्रफितीतील एक दृश्य गोठवून ते संगणकावरच्या चित्रशोधात टाका. जुने असेल तर बरेचदा मूळ सापडते. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या डोक्यावर दुहेरी बाण असेल, तर तो निदान पाच हातांतून फिरून आला आहे, म्हणजे पाठवणारा मित्र हा त्याचा साक्षीदार नव्हे. शिक्षकांनी एक पथ्य पाळावे. पहिला संदेश आपल्याच बाजूचा निवडावा. दुसऱ्याचे खोटे ओळखायला फारसे कष्ट पडत नाहीत.

हे सारे कशासाठी, असे कोणी विचारील. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. मुले पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्या भागात काही दिवस फिरत होते. त्या उन्हाळ्यात देशभर पसरलेली एक चित्रफीत तर मुलांच्या सुरक्षिततेसाठी कराचीत बनवलेल्या जाहिरातीची होती; मूल परत आणून देतात तो शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत राईनपाड्यात आले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

त्याच रात्री, तेथून फार दूर नसलेल्या मालेगावात, याच संशयावरून जमावाने आणखी पाच जणांना घेरले होते. त्यांत एक दोन वर्षांचे मूल होते. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलीस येईपर्यंत दार उघडले नाही. ते पाचही जण वाचले.