जुन्या हॉट रॉड गाड्यांचा माग

हॉट रॉड म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. साधी जुनी मोटार, बहुधा फोर्ड, घ्यावी. मडगार्ड उतरवावे, टप छाटून ठेंगणा करावा, इंजिनाची ताकद वाढवावी आणि ती भरधाव सोडावी, असा हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांचा छंद. मुरॉक व एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर शर्यती होत. त्यांचे नियमन करणारी संघटना १९३७ साली निघाली, व १९४९ पासून यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर वेग-सप्ताह भरू लागला.

या गाड्या जपून ठेवण्यासाठी कोणी बनविल्याच नव्हत्या. इंजिन मागे पडले की बदलायचे, गाडी विकली की नव्या धन्याने ती पुन्हा कापायची. बॉब व डिक पिअर्सन या बंधूंची १९३४ ची फोर्ड कूप एप्रिल १९५० मध्ये 'हॉट रॉड' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. पुढे ती हातोहात फिरली आणि फेरफार सोशीत धावतच राहिली. तिचा जीर्णोद्धार झाला तो थेट १९९० नंतरच्या दशकात.

मग समोरची गाडी तीच, हे ठरवावयाचे कसे? १९३२ च्या फोर्डचा क्रमांक चासीच्या डाव्या पट्टीवर ठोकलेला असे. त्यातील काही ठसे सांगाड्याखाली झाकलेले असल्याने ते पाहण्यास वरचा सांगाडाच उचलावा लागतो. परंतु क्रमांक जुळला म्हणजे ती फोर्ड ठरली. शर्यतीतली गाडी ठरली असे नव्हे! त्यासाठी बुजविलेली भोके, वेल्डिंगचे सांधे आणि रंगाचे एकाखाली एक थर जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावे लागतात. आठवणींवर आम्ही फारसा भरवसा ठेवणार नाही. बखर ती बखरच.

खरा पेच यापुढे येतो. गाडी कोणत्या सालची करावयाची? डोन स्पेन्सर याची १९३२ ची रोडस्टर घ्या. चाळिशीच्या दशकात तिने नाव मिळविले. नंतर मेक्सिकोतील 'कॅरेरा पॅनअमेरिकाना' या रस्त्यावरील शर्यतीसाठी त्याने तिला नव्याने घडविण्यास घेतले. खडबडीत वाटेवर धुराड्याच्या नळ्या आपटू नयेत म्हणून त्या चासीच्या पट्ट्यांतूनच आरपार नेल्या. पण १९५४ नंतर ती शर्यतच बंद पडली, आणि गाडी अपुऱ्या स्थितीत लिन वाइनलंडकडे गेली. पुढे नील ईस्ट आणि मग ब्रूस मायर तिचे मालक झाले. पीट शापुरीस यांच्या कारखान्यात ती सुधारली गेली, व १९९७ साली पेबल बीचच्या प्रदर्शनात हॉट रॉडसाठी प्रथमच उघडलेल्या वर्गात तिने पहिले पारितोषिक घेतले.

चाळिशीतले रूप हवे असेल तर चासीतली ती भोके बुजविलीच पाहिजेत, असे शुद्धतेचा आग्रह धरणारा म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. जी शर्यत ही गाडी कधी धावलीच नाही, तिचा गाडीच्या अंगावरचा पुरावा म्हणजे तीच भोके होत.