शाळा कोणाची, पैसा कोणाचा, बोर्ड कोणतं?

मुंबईत डिसेंबर उजाडला की शिशुवर्गाच्या आणि पहिलीच्या प्रवेशाची चर्चा जिन्यात, लिफ्टमध्ये, लोकलच्या डब्यात सुरू होते. "पालिकेची शाळा नको, तिथं काही शिकवत नाहीत." "स्टेट बोर्ड आहे ना, म्हणजे सरकारीच असणार." "आरटीईत नंबर लागला की दहावीपर्यंत बघायला नको." अशा ऐकीव वाक्यांच्या भरवशावर लोक सोनं गहाण टाकतात, घर बदलतात, चालू शाळेतून मूल काढतात. यातलं बरंचसं चुकीचं आहे. आणि या चुकीचा भुर्दंड बहुधा त्यालाच बसतो, ज्याला तो सर्वांत कमी परवडतो.

गोंधळाचं मूळ एकच आहे. शाळा चालवतं कोण, शिक्षकांचा पगार देतं कोण आणि अभ्यासक्रम कोणाचा, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आपण तिन्हींचं एकच उत्तर धरून चालतो.

पालिकेची नाही ती शाळा खासगी, आणि खासगी म्हणजे भरमसाट फी, हा सर्वांत पसरलेला समज. या दोहोंच्या मध्ये अनुदानित शाळांचं मोठं जग आहे. गिरगाव, दादर, पार्ल्यातल्या अनेक जुन्या मराठी शाळा आणि कितीतरी जुनी कॉन्व्हेंटं खासगी संस्थांनी काढलेली आहेत. पण त्यांच्या मान्य तुकड्यांवरच्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. म्हणून तिथली फी कमी असते आणि तिथल्या शिक्षकाला वेतनश्रेणी मिळते. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेचा सगळा डोलारा मात्र पालकांच्या फीवर उभा असतो. एकाच संस्थेच्या एकाच फाटकातून आत गेल्यावर डावीकडे अनुदानित मराठी माध्यम आणि उजवीकडे विनाअनुदानित इंग्रजी माध्यम, असं चित्र मुंबईत जागोजागी दिसतं. मैदान एक, घंटा एक, संस्थेचं नाव एक. फीचं कार्ड वेगळं आणि शिक्षकांच्या पगाराची पद्धतही वेगळी. म्हणून प्रवेश घेताना संस्थेचं नाव विचारून भागत नाही. "माझं मूल बसणार ती तुकडी अनुदानित आहे का?" असं नेमकं विचारावं लागतं. शाळेचा अकरा आकडी युडायस क्रमांक मागून घ्यावा. शाळा कोणत्या प्रकारची आहे हे त्यावरून तपासता येतं.

बोर्डाचा मालकीशी काही संबंध नाही. राज्य मंडळाचा अभ्यासक्रम पालिकेच्या शाळेत असतो आणि भारी फीच्या खासगी शाळेतही असतो. उलट सीबीएसई म्हणजे खासगी, हेही आता मुंबईत खरं राहिलेलं नाही. महापालिकेने 2020 च्या सुमारास जोगेश्वरीच्या पूनमनगरात सीबीएसईची आणि माटुंग्याच्या वुलन मिल शाळेत आयसीएसईची शाळा सुरू केली, आणि पुढे 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने अशा शाळा वाढवल्या. फी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यामुळे तिथं सोडत काढावी लागली. ज्या पालिकेच्या शाळेत कोणी जात नाही म्हणतात, तिच्याच दारात रांग लागली! नावातल्या 'इंटरनॅशनल' शब्दाचंही तसंच. तेवढ्यावरून शाळा आयबीची की केंब्रिजची, हे ठरत नाही. संलग्नतेचं पत्र बघायला मागणं हा उद्धटपणा नाही.

पालिकेच्या शाळांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यांच्यावर जितका राग काढला जातो तितकी माहिती घेतली जात नाही. या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, कन्नड, तमिळ आणि तेलुगू अशा आठ भाषांतून चालतात. मुलांना गणवेश, दप्तर, वह्या, बूट, छत्री अशा सत्तावीस वस्तू मोफत देण्याची पालिकेची योजना आहे. शिक्षक अप्रशिक्षित असतात, हा समज तर पार उलटा आहे. प्राथमिक शिक्षकाला डी.एड. लागतं, 2013 नंतर भरती झालेल्यांना टीईटीही लागते. दुसरीकडे, भारी फी घेणाऱ्या शाळेत वर्गावर उभ्या असलेल्या बाईंची पात्रता काय आणि त्यांच्या हातात पगार किती पडतो, हे विचारणारे पालक फार थोडे. दहावीच्या 2024 च्या परीक्षेत पालिकेच्या शाळांचा निकाल 90 टक्क्यांच्या वर लागला. तो मुंबई विभागाच्या निकालापेक्षा कमीच होता, हेही खरं. पण या मुलांमध्ये किती जण घरी अभ्यासाला टेबल नसलेले, संध्याकाळी आईच्या कामात हात लावणारे असतात, हे लक्षात घेतलं तर या आकड्याची किंमत कळते.

तक्रारी खोट्या आहेत असं मात्र नाही. मराठी माध्यमाचा पट वर्षानुवर्षं घसरतो आहे, जागा रिकाम्या राहतात, इमारती धोकादायक ठरून मुलांना दुसरीकडे हलवलं जातं. "मास्तर वर्गात नसतात" ही तक्रार ऐकली की मला दरवेळी वाटतं, पुढचा प्रश्नही विचारायला हवा: मग ते असतात कुठे? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही तीन कामं शिक्षकांना देता येतात. मतदारयाद्यांच्या कामासाठी शिक्षक दारोदार फिरतो तेव्हा चाळीस मुलांचा वर्ग शेजारच्या वर्गात बसवला जातो. दोष शिक्षकाचा धरला जातो, निर्णय भलत्याच टेबलावर झालेला असतो.

संस्थांनी चालवायला घेतलेल्या पालिका शाळा, हा आणखी एक प्रकार. आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था करार करून पालिकेच्या इमारतीत शाळा चालवतात. "शाळा विकली" असं लगेच बोललं जातं. प्रत्यक्षात इमारत पालिकेचीच राहते, मुलांकडून फी घेतली जात नाही, शिकवण्याची जबाबदारी संस्थेकडे असते. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये कायदा करून सुरू केलेल्या चार्टर शाळांशी याचं नातं आहे. तिथंही पैसा सरकारी, कारभार स्वतंत्र, प्रवेश मोफत, आणि अर्ज जास्त आले की सोडत. मोठा फरक पैशाचा. चार्टर शाळेला दर मुलामागे सरकारी पैसा मिळतो. आपल्याकडे संस्थेला बराच निधी देणगीदारांकडून उभा करावा लागतो. म्हणून अशा शाळांचं यश पाहून "सगळ्याच शाळा संस्थांना द्या" म्हणणं मला घाईचं वाटतं. देणगीवर काही शाळा चालतात, शहर चालत नाही.

आता आरटीई, म्हणजे तोच शिक्षणहक्क कायदा. 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या, किंवा पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथल्या, 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्यायच्या, असं तो सांगतो. पहिला गैरसमज, हे फक्त गरिबांसाठी आहे. दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्नाची अट आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ती अट नाही. दुसरा, सगळ्या खासगी शाळांना हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना यातून सूट मिळाली, आणि मुंबईतल्या बऱ्याच नामांकित शाळा त्यातल्याच आहेत. तिसरा, खासगी शाळांना यातून सरकारने सोडवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून मोकळं केलं होतं खरं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

चौथा, 'दहावीपर्यंत बघायला नको' हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा. हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच असतं. नववीत त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते, आणि आठ वर्षं एका बाकावर बसलेल्या मुलाला मित्र सोडून जावं लागतं. कायद्यातली ही फट बुजवायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. तोवर सातवीपासूनच जवळच्या अनुदानित शाळेची चौकशी करून ठेवणं पालकांच्या हातात आहे.

आरटीईचा अर्ज भरताना घराचं ठिकाण नकाशावर नीट दाखवा. अंतर त्यावरून धरतात, आणि पडताळणीत ते जुळलं नाही तर लागलेला नंबर जातो. अर्जाला पैसे पडत नाहीत. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात सोडत नसते.

फीबद्दल "शाळा ठरवेल तीच" हे मुकाट्याने मान्य करणारे पालक पाहून वाईट वाटतं. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा 2011 चा आहे. त्याप्रमाणे शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिच्यात पालक सोडतीने निवडले जातात, फीचा प्रस्ताव तिच्यापुढे येतो आणि मंजूर फी दोन वर्षं राहते. देणगी मागणं राज्यात 1987 पासून बेकायदा आहे. शिक्षणहक्क कायद्यात त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेतली तर पहिल्या खेपेला 25,000 रुपयांपर्यंत. पैसे "डेव्हलपमेंट" म्हणून मागितले तर पावती मागा आणि पावतीवर नेमकं कारण लिहून घ्या. तक्रारीत तोच कागद उपयोगी पडतो. प्राथमिकची तक्रार पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते, माध्यमिकची आपल्या विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे. मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशी त्यांची तीन कार्यालयं आहेत.

जुनी शाळा दाखला अडवून धरते म्हणून पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत मूल घालता येत नाही, असं समजून कितीतरी मुलं महिनोन्महिने घरी बसतात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम 14 प्रमाणे जन्माच्या दाखल्यावाचूनही नाही. मूल आधी वर्गात बसवायचं, कागद मागाहून.