कोचचा करार वाढला म्हणजे नेमकं काय झालं? चाहत्यांचा जल्लोष, राग आणि ३ कोटी ३६ लाखांचा धडा

निफाड : रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला मळ्यात गेलेला पोरगा कांद्याला पाणी सोडतो आणि बांधावर बसून मोबाइलवर मॅच लावतो. हिवाळ्यात इंग्लंडमधले रात्रीचे बरेच सामने आपल्याकडे दीडच्या सुमारास सुरू होतात. पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या करून जागणाऱ्यांच्या हातातही तोच मोबाइल असतो. आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटतं. एक म्हणतो, "करार वाढवला? अजून दोन वर्षं हाच माणूस?" दुसरा म्हणतो, "बरं झालं, सारखं बदलून कुठं संघ उभा राहतो का?"

घरातल्या मोठ्यांना मात्र हे कोडंच वाटतं. मॅच नाही, गोल नाही, कुठंतरी एका कागदावर सही झाली. त्यात एवढं हसण्या-रडण्यासारखं काय? तेच आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

आधी हे समजा : पाडव्याचं साल

आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. किती रक्कम, किती उचल, धान्य किती, राहायची सोय काय, हे बसून बोललं जातं. पुढच्या पाडव्याला दोघांचं जमलं तर साल पुढे चालू, नाही तर राम राम. मधेच मोडलं तर हिशेब करावा लागतो आणि बहुतेक वेळा भांडण त्या हिशेबावरूनच होतं.

फुटबॉलच्या कोचचं मूळ गणितही असंच आहे. इंग्लंडमध्ये त्याला मॅनेजर म्हणतात, कारण सराव घेण्याबरोबरच कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला सोडायचं यातही त्याचा शब्द चालतो. फरक एवढाच, की इथं सगळं कागदावर असतं आणि वाद थेट फिफापर्यंत नेता येतो.

करारात मुख्य चार गोष्टी बघायच्या असतात :

१) मुदत : कोणत्या महिन्यापर्यंत, किती हंगाम.
२) पुढची वाढ : अमुक कामगिरी झाली तर आणखी एक वर्ष, अशी आधीच लिहिलेली सोय.
३) मोडायची अट : संघाने मधेच काढलं तर किती महिन्यांचा पगार द्यायचा.
४) सोडून जायची अट : कोच स्वतः दुसरीकडे निघाला तर नवीन क्लबने जुन्या क्लबला काय द्यायचं.

चाहते पहिल्या गोष्टीवर भांडतात. क्लब किंवा महासंघ अडकतो तो मात्र तिसऱ्या गोष्टीत.

मुदत संपायच्या आधीच का वाढवतात?

कोचचं शेवटचं वर्ष चालू झालं की कुजबुज सुरू होते. खेळाडूला वाटतं, हा तर जाणारच, याचं कशाला ऐकायचं? दुसरे क्लब फोन करू लागतात. नवीन खेळाडू विचारतो, "मला बोलावणारा माणूस पुढच्या वर्षी असेल ना?" म्हणून काम बरं चाललं असेल तर मुदत संपायच्या आतच सही करून घेतात. चांगला सालगडी दुसऱ्याने धरू नये म्हणून पाडव्याच्या आधीच शब्द टाकावा, तसंच.

धोका इथंच आहे. करार वाढवला जातो तो नुकत्याच मिळालेल्या यशाच्या भरात. आणि पैसे द्यावे लागतात ते पुढच्या अपयशात.

भारताचंच उदाहरण : स्टिमॅक प्रकरण

क्रोएशियाचे इगोर स्टिमॅक मे २०१९ मध्ये भारतीय संघाचे कोच झाले. २०२३ चा उन्हाळा त्यांचा होता. जूनमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप, जुलैमध्ये बंगळुरूत सॅफ स्पर्धा. त्याच जुलैत भारत फिफा क्रमवारीत पहिल्या शंभरात, ९९ व्या क्रमांकावर पोचला. चाहते खूश होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांचा करार जून २०२६ पर्यंत वाढवला. "आता सलग काम होऊ द्या," असं म्हणणारे तेव्हा खूप होते.

पुढचे आठ महिने उलटे गेले. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून हार झाली. तीन सामन्यांत आपला एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत, म्हणजे आपल्याच मैदानावर, अफगाणिस्तानने २-१ ने हरवलं आणि सोशल मीडियावर "स्टिमॅक आउट" सुरू झालं. काल पाठीवर थाप मारणारेच आज हाकला म्हणू लागले.

त्याच काळात स्टिमॅक म्हणाले होते, की वर्ल्ड कप पात्रतेची तिसरी फेरी गाठली नाही तर मी स्वतःच जाईन. ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० झालं. तो सुनील छेत्रीचा भारतासाठीचा निरोपाचा सामना होता. ११ जूनला कतारविरुद्ध छांगतेने गोल करून आघाडीही मिळवून दिली होती. पण कतारने बरोबरी साधली तेव्हा चेंडू आधीच रेषेबाहेर गेला होता, तरी गोल दिला गेला. सामना १-२ ने गेला आणि तिसरी फेरी हुकली. म्हणजे सगळा दोष एकट्या कोचचा होता असंही सरळ म्हणता येत नाही.

१७ जूनला महासंघाने त्यांना काढलं. पण "मी स्वतःच जाईन" हे तोंडी होतं आणि "जून २०२६ पर्यंत" हे लेखी होतं. वादात कागदच चालतो. बातम्यांनुसार महासंघाने आधी तीन महिन्यांच्या पगाराची तयारी दाखवली. स्टिमॅक यांनी ती नाकारून फिफाकडे जायचा इशारा दिला. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये चार लाख डॉलर, म्हणजे सुमारे ३ कोटी ३६ लाख रुपये देऊन प्रकरण मिटल्याच्या बातम्या आल्या.

एवढ्या पैशांत किती गावांत सपाट मैदान, गोलपोस्ट आणि चेंडू आले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. चाहत्यांचा खरा राग कोच गेल्याचा नव्हता. करार वाढवताना घाई झाली आणि भुर्दंड भारतीय फुटबॉलला बसला, हा तो राग होता.

मोठे क्लबही याच खड्ड्यात पडतात

आपल्याकडच्या पोरांचा आवडता मँचेस्टर युनायटेड बघा. मे २०२४ मध्ये एरिक टेन हाग यांच्या संघाने एफए कपची फायनल जिंकली. जुलैमध्ये करार जून २०२६ पर्यंत वाढला. २८ ऑक्टोबर २०२४ ला त्यांना काढलं. सही झाल्यापासून चार महिनेही झाले नव्हते. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काढायचा खर्च क्लबच्या हिशेबात एक कोटी पौंडांच्या वर गेला. आपल्या पैशात शंभर कोटींहून जास्त.

उलटंही होतं. लिव्हरपूलच्या युर्गेन क्लॉप यांनी एप्रिल २०२२ मध्ये २०२६ पर्यंत करार वाढवला, तेव्हा चाहत्यांनी आनंद साजरा केला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनीच सांगितलं, की दमलोय, हंगाम संपला की जाणार. कागद पैसे बांधून ठेवतो, माणसाचं मन नाही.

मुंबई आणि गोव्याची गोष्ट

शेजारच्या गोव्यात चाहत्यांनी वेगळाच झटका अनुभवला. एफसी गोवाचे स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेरा यांचा खेळ लोकांना आवडायचा. संघ गुणतक्त्यात वरच्या टोकाला असताना, साखळीचे तीनच सामने राहिलेले असताना, ३१ जानेवारी २०२० ला त्यांना काढलं. गोवा साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत जाणारा पहिला भारतीय क्लबही ठरला. पण पुढच्याच हंगामात लोबेरा मुंबई सिटीत आले. त्यांच्यासोबत फॉल, जाहू, बुमूस आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे खेळाडूही मुंबईकडे आले. त्याच हंगामात मुंबईने लीग शील्ड आणि आयएसएल ट्रॉफी दोन्ही जिंकल्या. गोव्याच्या चाहत्याला तो करार मोडल्याची किंमत तेव्हा कळली.

मुंबईलाही चौथ्या अटीचा अनुभव आला. डेस बकिंगहॅम यांनी २०२२-२३ मध्ये शील्ड जिंकून दिली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऐन हंगामात ते इंग्लंडला, आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. चाहते हळहळले. पण नवे कोच पेटर क्रॅटकी यांच्या हाताखाली मे २०२४ मध्ये मुंबईने मोहन बागानला कोलकात्यात ३-१ ने हरवून ट्रॉफी आणली. कोच गेला की सगळं बुडालं, असंही नसतं.

क्रिकेटवाल्यांसाठी एक उदाहरण

१९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादची फायनल हरलो तेव्हा राहुल द्रविड यांची मुदत संपत होती. दहा दिवसांत बीसीसीआयने ती वाढवली. हरल्यावर वाढ का, असं अनेकांनी विचारलं. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये भारताने टी-२० वर्ल्ड कप जिंकला आणि द्रविड मोकळे झाले. ही वाढ लांब वर्षांची नव्हती, एका स्पर्धेपुरती होती. काम संपलं, साल संपलं. वाढ अशीही देता येते.

आता पुढे काय बघायचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे कोच झाले. तेरा वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस बसला. मुंबई एफसीचा संघ त्यांनी २००९ पासून अनेक वर्षं सांभाळला आणि २०१७ मध्ये मिझोरामच्या छोट्या ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली. भारतीय संघासोबत सुरुवात चांगली झाली. नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळाला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरने २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली.

त्यांचा करार दोन वर्षांचा आहे आणि पुढे एक वर्ष वाढवायची सोय त्यात आहे. म्हणजे हीच चर्चा ग्रुपवर पुन्हा होणार. तेव्हा फक्त "ठेवा" किंवा "हाकला" लिहू नका. हे तीन प्रश्न विचारा :

• वाढ कशाच्या जोरावर? एका स्पर्धेच्या, की दोन वर्षांच्या कामाच्या?
• किती काळासाठी? पुढच्या मोठ्या स्पर्धेपुरती, की त्याहून लांब?
• मोडायची वेळ आली तर किती द्यावे लागतील, हे आधीच लिहिलंय का?

आपल्या गावातही लागू

ही गोष्ट फक्त टीव्हीवरच्या संघांची नाही. गावातल्या पोरांना कबड्डी, कुस्ती, फुटबॉल शिकवणारा माणूस बऱ्याचदा नुसत्या शब्दावर काम करतो. स्पर्धा जिंकली की सत्कार, हरली की "उद्यापासून येऊ नका". त्याचं मानधन राहून जातं आणि पोरांचा सराव तुटतो तो वेगळाच.

मंडळाने किंवा तालमीने एक साधा कागद केला तरी पुरे. कधीपासून कधीपर्यंत, महिन्याला किती, काम नीट चाललंय का हे कोण आणि कधी बघणार, थांबवायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. द्राक्षाचा सौदा करताना "शब्दावर" भरोसा ठेवून फसलेल्या शेतकऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि आज रात्री मॅच बघणाऱ्यांनो, करार वाढल्याची बातमी आली की नाचा, चिडा, काहीही करा. फक्त मोटार बंद करायला विसरू नका.