आळसाच्या आठ सबबी

पालीत नेटाच्या प्रयत्नाला ‘विरिय’ म्हणतात. दहा पारमितांत त्याची गणना होते. विरियाच्या उलट काय, असे विचारले तर आपण ‘आळस’ म्हणून मोकळे होतो. पालीत मात्र यासाठी वेगवेगळे शब्द आहेत.

‘कोसज्ज’ म्हणजे आळशीपणा. असा माणूस तो ‘कुसीत’. ‘थीनमिद्ध’ म्हणजे मनाची मरगळ व सुस्ती. पाच नीवरणांपैकी हे एक. ‘पमाद’ म्हणजे गाफीलपणा. मराठीत ‘प्रमाद’ म्हणजे घडलेली चूक. पालीतला पमाद चुकीच्या आधीच मनात शिरलेला असतो.

अंगुत्तर निकायातील एका सुत्तात कुसीताच्या आठ सबबी दिल्या आहेत. काम करायचे आहे, थकवा येईल; काम केले, थकवा आला. प्रवासाला निघायचे आहे, प्रवासाहून आलो. पोटभर मिळाले नाही. पोट भरून अंग जड झाले. थोडे बरे नाही. नुकताच आजारातून उठलो. प्रत्येकीचा शेवट एकच : जरा पडतो!

त्याच सुत्तात उद्योगी माणसाचेही हेच आठ प्रसंग आहेत. तो म्हणतो, कमी जेवलो, तर अंग हलके आहे. पोटभर जेवलो, तर अंगात बळ आहे. आजार कदाचित वाढेल, म्हणून आजच प्रयत्न करतो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थकव्याला खोटे म्हटलेले नाही. दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्याचा थकवा खराच असतो. विश्रांतीही हवीच. फक्त निजण्यापूर्वी स्वतःला विचारावे : ही विश्रांती आहे, की आठांपैकी एक सबब?