आर्थिक गुन्ह्यांतला बचाव वकील

बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचे शिक्षण, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नगरच्या केडगाव उपनगरातल्या मुलामुलींना जिल्हा न्यायालय जवळच; पण हे काम अंगवळणी पडते ते सीनियरच्या ऑफिसात, कर्जाच्या फायली उलगडताना. मूल्यांकन अहवालावरची तारीख कोणती? मंजुरीच्या ठरावावर सह्या कोणाच्या? पैसा लगेच दुसऱ्या खात्यात का वळला? संचालक आणि सांगितले तेवढेच करणारा कारकून एकाच एफआयआरमध्ये येतात, तेव्हा प्रत्येकाची भूमिका सुटी करून दाखवणे, हे माझ्या मते या वकिलीतले सर्वांत मोलाचे काम.

अशा कर्जप्रकरणांचे जवळचे उदाहरण म्हणजे नगर अर्बन बँक; तिचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. ठेवींना विमा ५ लाखांपर्यंतच. ठेवीदारांचा संताप रास्त आहे. तरीही आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ने अटक झालेल्या प्रत्येकाला दिला आहे.

१ जुलै २०२४पासूनच्या फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. त्याआधीच्या गुन्ह्यांना जुन्या भारतीय दंड संहितेचे ४२०च. त्यामुळे नव्या वकिलाला दोन्ही कायदे मुखोद्गत हवेत.