ब्रिक लेन : एक रस्ता, अनेक वस्त्या

कुठे : पूर्व लंडन, टॉवर हॅम्लेट्स. जवळचे भुयारी रेल्वे स्थानक ऑल्डगेट ईस्ट. एके काळी इथे विटांच्या भट्ट्या होत्या; त्यावरून हे नाव.

कोण आले?

• ह्यूगेनो : फ्रान्समधले प्रोटेस्टंट. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. लंडनमध्ये त्यांनी रेशीम विणले.

• ज्यू : रशियन साम्राज्यात १८८१ नंतर झालेल्या हल्ल्यांमुळे परागंदा. मुख्य व्यवसाय शिवणकाम.

• बंगाली : बहुतेक आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे. आधी बोटींवरचे खलाशी, पुढे कुटुंबे. १९७०च्या दशकात वस्ती वाढली. म्हणूनच इथली बहुतेक ‘इंडियन’ हॉटेले प्रत्यक्षात बांगलादेशी मंडळींची. रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीसोबत बंगालीही.

आवर्जून पाहावी अशी इमारत : फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची जामे मशीद. १७४३ मध्ये ह्यूगेनो चर्च म्हणून बांधली. १८१९ पासून मेथडिस्ट चॅपेल, १८९८ पासून ज्यूंचे सिनेगॉग, १९७६ पासून मशीद. भिंती त्याच. फोर्निए स्ट्रीटच्या बाजूला मान वर केली की सूर्यघड्याळ दिसते. त्यावर १७४३ हे साल आणि ‘आपण छाया आहोत’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरले आहेत.

भूक लागली तर : उत्तर टोकाकडे ज्यू पद्धतीचे बेगल; उकळून मग भाजलेला कड्यासारखा पाव.

४ मे १९७८ : बंगाली शिवणकामगार अल्ताब अली यांची जवळच्या ॲडलर स्ट्रीटवर वंशद्वेषातून हत्या. दहा दिवसांनी हजारो लोक त्यांच्या शवपेटीमागून मध्य लंडनपर्यंत चालत गेले. हत्येच्या जागेलगतच्या उद्यानाला १९९८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.