काढायचं म्हणजे

‘मॅडम आता छोटासा तुकडा काढतील,’ सिस्टर सहज बोलून जाते, आणि तपासणीच्या टेबलावर आडवी झालेली ती ताडकन उठून बसते. साडी पोटऱ्यांखाली ओढते, पाय खाली सोडते आणि अंगठ्यानं चपला चाचपू लागते.

‘मला न्हाई काढायचं काई. चला बाई, जाऊ आपण.’

बाई म्हणजे मी. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. दिवाळीपर्यंत असते, मग हजेरीपटावर नुसतं नाव उरतं. म्हणून मी बाई. आज सोबतीला आले आहे, कारण सोबतीला दुसरी कुणी बाई तिला नको आहे. वस्तीवरची आली तर संध्याकाळपर्यंत वस्तीभर होईल. मी हे लिहिणार का, असं तिनंच विचारलं होतं येताना. ‘लिहा, पर नाव नका टाकू.’ तेव्हा नाव नाही.

माजलगावच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर खाली बियाणं-खताचं दुकान आणि वर हा दोन खोल्यांचा दवाखाना. जिन्यात युरियाचा वास, वर आलं की डेटॉलचा. बाहेरच्या बाकावर चार जणी, एकीच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि दाराशी उभा हिचा नवरा. दसरा तीन आठवड्यांवर आला आहे. मुकादमाची उचल घेऊन झाली, अर्धी खर्चूनही झाली. यंदा टोळी ऊसतोडीला कर्नाटकात जायची आहे.

गेल्या महिन्यात गावात तपासणीचं शिबिर झालं. तिथं हिच्या हातात चिठ्ठी दिली, ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’. पॉझिटिव्ह म्हटल्यावर जे कुणालाही वाटेल तेच तिला वाटलं. आठ दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. मग मुलीच्या वहीत घडी करून ती चिठ्ठी माझ्याकडे पाठवली, मागच्या बाजूला पेन्सिलीनं एकच ओळ, ‘हे एड्स हाय का’. नाही, ते एड्स नाही. गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावून बघतात, पांढरा डाग उमटला तर पॉझिटिव्ह म्हणतात. पुढची तपासणी करायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. पण तो अर्थ शिबिरात सांगायला कुणाला सवड झाली नाही, किंवा सांगितला आणि गर्दीत विरला.

आणि आता हा शब्द. काढायचं.

आमच्याकडे उसनं काढतात, दिवस काढतात, हंगाम काढतात आणि पिशवीही काढतात. एकच क्रियापद सगळीकडे पुरतं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं केलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. बाहेरच्या बाकावरच्या चौघी धरल्या, आत ही आणि सिस्टर धरली, की सहा होतात, तेवढ्यात एक. हिच्या थोरल्या जावेची गेली, चुलत सासूची गेली. पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेल्या, ‘आत गाठ आहे, पुढं कॅन्सर होईल’ असं ऐकलं, आणि पाळी नाही म्हणजे खाडा नाही हा हिशोब मनात होताच. पिशव्या काढण्यावरून उठलेल्या गदारोळानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यानं पिशवी काढायची नाही असा नियम आला. नियम आला, पण कानाला बसलेली भीती कशी जाणार? काढतील म्हटलं की आमच्या बाया पदर खोचून उठतात. मला तर त्यात शहाणपणच दिसतं.

डॉक्टर मॅडम हातमोजे काढून ठेवतात. चिडलेल्या नाहीत, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांची नजर जाते, ती मी पाहते. ‘इकडे या, खुर्चीवर बसा. टेबलावर झोपलेल्या माणसाला काही समजत नाही.’

कपाटावरचा पाण्याचा तांब्या त्या रिकामा करतात आणि टेबलावर उपडा धरतात. ‘ही तुमची पिशवी. हे खाली आलं ते तिचं तोंड. डाग कुठंय? इथं, तोंडाच्या कडेला. मी बघणार ते तोंड. तुकडा घेणार तो तोंडाच्या कडेचा. किती? ज्वारीचा दाणा असतो ना, तेवढा. एक घेईन, फार तर दोन.’

ती तांब्याकडे बघत राहते. मग हात पुढं करून त्याच्या बुडावर ठेवते. ‘अन् तांब्या?’

‘तांब्या जागच्या जागी.’

‘दुखंल?’

‘दुखेल. पाळीत ओटीपोटात कळ येते तशी, क्षणभर. खोटं नाही सांगत. नंतर चार-पाच दिवस थोडं रक्त दिसेल, औषध लावते त्याचं काळपट काहीतरी जाईल, त्याला घाबरायचं नाही. रक्त वाढलं, ताप आला, घाण वास यायला लागला, तर घाबरायचं आणि लगेच यायचं. पंधरा दिवस ओझं उचलायचं नाही आणि मालकांपासून लांब.’

सिस्टर तोंडावर हात ठेवून हसते. तीही किंचित.

‘अन् नाईच केलं तर?’

मला हा प्रश्न फार आवडतो. सातवीत शाळा सुटलेली ही बाई तो विचारते, आणि मी गेल्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनला सही करताना विचारला नव्हता.

‘नाही केलं तर आज काही होणार नाही,’ डॉक्टर म्हणतात. ‘असले डाग कधी आपोआप जातात. काही वाढतात, त्याला वर्षं लागतात. यातला तुमचा कुठला हे नुसत्या डोळ्यानं मला कळत नाही, म्हणून तुकडा. इथं नको तर अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजात जा, चिठ्ठी देते. विचार करून उद्या या, तेही चालेल.’

‘हंगामावरून आल्यावर?’

‘चालेल.’ डॉक्टर थांबतात. ‘पण याल का?’

ती उत्तर देत नाही. बाहेर बघते आणि म्हणते, ‘त्यांलाबी ऐकू द्या.’

नवरा आत येतो तो खिशातलं पेन काढतच. कुठं सही करू? डॉक्टर सांगतात, तुमची नको, त्यांची हवी. तो पेन हातात धरून अवघडून उभा राहतो. रागावलेला नाही, इतकी वर्षं दवाखान्यात आपलं काम म्हणजे सही, हेच त्याला माहीत, आणि आता ते कामच गेलं. ‘मग मला काऊन बोलावलं?’

‘ऐकायला,’ ती म्हणते.

तांब्या पुन्हा उपडा होतो. ज्वारीचा दाणा पुन्हा सांगितला जातो. पंधरा दिवस लांब हे वाक्य मात्र डॉक्टर या वेळी जरा हळू म्हणतात.

संमतीपत्र छापील आहे, ओळी दाट, झेरॉक्सची झेरॉक्स. सगळ्या कामांना एकच नमुना. ती कागद स्वतःकडे ओढते आणि अक्षरांखाली बोट फिरवत वाचायला लागते. सिस्टर म्हणते, अहो फुलीपाशी करा ना सही. ती मान वर करत नाही. बोट तिसऱ्या ओळीवर अडतं.

‘“गरज भासल्यास कोणतीही शस्त्रक्रिया”. कोणतीही म्हंजी?’

खोलीत पंख्याचाच आवाज उरतो. डॉक्टर कागद घेतात, वाचतात. त्यांनी ही ओळ शेवटची कधी वाचली असेल? मग काही न बोलता त्या ओळीवर आडवी रेघ मारतात, शेजारी आपली सही करतात आणि मोकळ्या जागेत हातानं लिहितात, ‘फक्त गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी व तुकडा घेणे.’

अशाच ‘कोणतीही’वरून देशात मोठा खटला झालेला आहे. १९९५ च्या मे महिन्यात दिल्लीत समीरा कोहली नावाच्या ४४ वर्षांच्या अविवाहित बाई दुर्बिणीनं पोट तपासून घेण्यासाठी भूल घेऊन टेबलावर होत्या. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी त्यांची पिशवी आणि दोन्ही बीजकोश काढले. तेरा वर्षांनी, १६ जानेवारी २००८ ला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या बाईच्या वतीनं आईलाही हो म्हणता येत नाही. भरपाई मिळाली २५ हजार रुपये. निकाल मोठा, रक्कम चिल्लर. आई चालत नाही तिथं नवरा कसा चालेल, हे त्या निकालापासून उघड आहे. तरी आमच्या भागात पेन आधी नवऱ्याच्याच खिशातून निघतं.

ती सही करते. बचत गटाच्या वहीत घोटलेली, नाव, मालकाचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. नवरा बाहेर जातो.

पुन्हा टेबल. डॉक्टर तिला विचारतात, बाई इथं थांबल्या तर चालतील का? चालतील. मी डोक्याशी उभी राहते. स्पेक्युलम नळाच्या कोमट पाण्याखाली धरून आणलेलं आहे. ‘मधे केव्हाही नको वाटलं तर हात वर करा, मी थांबते.’

दिवा खाली वाकतो. डॉक्टर व्हिनेगरचा बोळा लावतात आणि घड्याळ बघून एक मिनिट थांबतात.

हे एक मिनिट आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात पारखलं गेलं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून मुंबईच्या टाटा रुग्णालयानं आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयानं गावांचे ५२ गट पाडून १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. काही गावांत व्हिनेगर, काही गावांत पेशी तपासणारी पॅप चाचणी, काही गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगानं ३४ बायका गेल्या, आणि साधारण तेवढ्याच मोठ्या बिनतपासणीच्या गटात ६४. जगानं त्यातून शिकून घेतलं. पण एका गटातल्या बायांना तपासणीविना ठेवून मोजणं न्याय्य होतं का, त्यांना नक्की काय सांगितलं गेलं होतं, यावर वैद्यकीय नीतीच्या वर्तुळात पुढं बराच वाद झाला. त्या ६४ जणींपैकी कुणी ‘अन् नाईच केलं तर?’ असं विचारलं असेल का, हे या मिनिटात माझ्या डोक्यातून जात नाही.

‘दिसतोय डाग,’ डॉक्टर म्हणतात. ‘आता चिमटा आत येईल. खोका.’

ती खोकत नाही. हात वर करते.

डॉक्टर खरंच थांबतात. चिमटा ट्रेमध्ये परत जातो, धातूवर धातू वाजतो. कुणी ‘झालंच आता’ म्हणत नाही. खाली रस्त्यावर एसटीचा कंडक्टर ‘परळी, परळी’ ओरडतो आहे. तिची बोटं माझ्या मनगटावर. कोयत्यानं पडलेले घट्टे मला टोचतात. श्वास दोनदा वरखाली होतो.

‘हं. घ्या आता.’

ती खोकते. कट्ट असा बारीकसा आवाज येतो. तिचा चेहरा आवळतो आणि सुटतो. पिवळट-तपकिरी औषधाचा बोळा आत जातो, रक्त थांबतं. सिस्टर बाटली उजेडात धरते. फॉर्मालिनमध्ये फिकट गुलाबी कण तळाला जातो.

‘दाण्याहून बारीकच हाय,’ ती आडव्यानंच म्हणते.

बाहेरच्या टेबलावर सिस्टर लॅबचा फॉर्म भरते. नाव, वय ३४, रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी. मोबाइल नंबर? नवरा तोंडपाठ सांगायला लागतो.

‘त्यो नको,’ ती म्हणते. ‘माझा लिहा.’

पण स्वतःचा नंबर तिला पाठ नाही. कमरेच्या पिशवीतून ती बटणांचा फोन काढते, खूप वेळ दाबत राहते, आणि माझ्या पर्समध्ये रिंग वाजते. मी उचलत नाही. माझ्या फोनवर ती मुलीच्या नावानं आहे, ‘पाचवी ब, आई’. त्या नावाखालचे दहा आकडे मी सिस्टरपुढं धरते, ती फॉर्मवर उतरवून घेते. नवरा खाली मोटारसायकल बघायला जातो.

‘वाचून दाखवा,’ ती सिस्टरला म्हणते.

सिस्टर वाचते.

‘परत.’ आणि या वेळी एकेका आकड्याबरोबर तिचे ओठ हलतात.